433 दिवस: पुण्याच्या रिकाम्या खुर्चीबद्दल निवडणूक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त आणि मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, अशोक रोड, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी पुणे लोकसभा मतदारसंघातली एक मतदार आणि निवृत्त शिक्षिका. सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं निवडणुकीची ड्युटी केली. पहिली ड्युटी 1998 च्या लोकसभेची. तेव्हा मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते मतदाराला दाखवावं लागायचं, नाहीतर शिक्क्याची शाई पलीकडच्या चिन्हावर उमटायची. शेवटची ड्युटी 26 फेब्रुवारी 2023 ची, कसबा पेठ विधानसभेच्या पोटनिवडणुकीची. निवडणुकीच्या काळात आम्ही कर्मचारी आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर असतो. म्हणजे थोडे दिवस का होईना, मी आपल्याच हाताखाली काम केलं आहे. त्या नात्याने हे लिहिते आहे.

29 मार्च 2023 रोजी आमचे खासदार गिरीश बापट गेले. त्यानंतर पुण्याला पुढचा खासदार मिळाला तो 4 जून 2024 च्या मतमोजणीत. मधले 433 दिवस लोकसभेत पुण्याचं कोणीही नव्हतं. वीस लाखांच्या आसपास मतदार, सहा विधानसभा मतदारसंघ, आणि एवढ्या सगळ्यांच्या नावाची एकच खुर्ची. ती चौदा महिने रिकामी राहिली. कायद्याने ती सहा महिन्यांत भरायला हवी होती.

आधी कसब्याच्या त्या रविवारबद्दल सांगते, कारण माझी तक्रार तिथूनच सुरू होते. आमचं केंद्र एका जुन्या शाळेत होतं. बालवाडीचा वर्ग. बुटकी बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर आठवड्याचे वार लिहिलेले. आदल्या दिवशी साहित्य घेऊन तिथेच मुक्काम. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घेतलं, पन्नास मतं. मग यंत्राची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील केल्या, यंत्राच्या हिरव्या कागदी सीलवर सह्या घेतल्या आणि सातच्या ठोक्याला दार उघडलं. अकराच्या सुमारास एक आजोबा नातवाच्या खांद्याला धरून आले. मत देऊन झाल्यावर बोट पुढे करून म्हणाले, “बाई, शाई जरा नीट लावा, पुसट नको.” आमच्या मदतनीसबाईंनी परत एकदा काडी फिरवली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

ही पोटनिवडणूक का होती? आमदार मुक्ता टिळक 22 डिसेंबर 2022 ला गेल्या म्हणून. तेव्हापासून मतदानापर्यंत 66 दिवस लागले. त्याच दिवशी चिंचवडलाही मतदान झालं. तिथले आमदार लक्ष्मण जगताप 3 जानेवारीला गेले होते, म्हणजे अवघे 54 दिवस. बापटसाहेब तेव्हा फार आजारी होते. तरी चाकाच्या खुर्चीत बसून, नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन ते प्रचाराला आले होते. कसब्याचे ते 1995 पासून 2019 पर्यंत आमदार होते. त्यांच्या पक्षाला मत न देणाऱ्या आमच्यासारख्यांच्याही पोटात ते पाहून कालवलं. मतदानानंतर बरोबर 31 दिवसांनी ते गेले.

शिक्षक खोलीत तेव्हा आम्ही काय बोललो ते मला आठवतं. सगळ्यांनी गृहीतच धरलं की पावसाळ्याच्या आगेमागे लोकसभेची ड्युटी लागणार. मी मे अखेर निवृत्त होणार होते, त्यामुळे एक सहकारी म्हणाली, “तू सुटलीस, आम्ही अडकलो.” कोणाच्याही मनात निवडणूकच होणार नाही ही शंका आली नाही. कसबा आणि लोकसभा यांत फरक तो काय? कसब्याचा मतदार तोच, शाळा त्याच, याद्या त्याच. कसबा हा पुणे लोकसभेतल्या सहांपैकी एक तुकडा. तुकड्यासाठी 66 दिवसांत मतदान झालं. अख्ख्या मतदारसंघासाठी पोटनिवडणूक झालीच नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151-अ आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र इतर लोकही वाचतील म्हणून लिहिते. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची, असं ते सांगतं. हे कलम 1996 साली घातलं गेलं. त्याला अपवाद दोनच. एक, त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर. दुसरा, केंद्र सरकारशी विचारविनिमय करून आयोगाने प्रमाणित केलं की या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे, तर. सतराव्या लोकसभेची मुदत 16 जून 2024 ला संपणार होती. 29 मार्च 2023 पासून मोजा, साडेचौदा महिने होतात. पहिला अपवाद लागूच होत नव्हता.

म्हणून आयोगाने दुसरा लावला. 23 ऑगस्ट 2023 ला, म्हणजे जागा रिकामी होऊन 147 दिवस उलटल्यावर, प्रमाणपत्र काढलं. कारणं दोन. आयोगाची यंत्रणा इतर निवडणुकांत आणि 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतलेली आहे. आणि आता निवडणूक घेतली तरी निवडून येणाऱ्याला तीन-चार महिनेच मिळतील.

दुसऱ्या कारणाबद्दल आधी बोलते, कारण ते ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. आमच्या सोसायटीतही लोक म्हणाले, “चार महिन्यांसाठी कशाला एवढा खर्च?” पण ते चार महिनेच उरले कशामुळे? पहिल्या दोन महिन्यांत, कसब्यासारखी, निवडणूक घेतली असती तर बारा महिने मिळाले असते. आधी पाच महिने जाऊ द्यायचे आणि मग वेळ उरला नाही म्हणायचं, हे आम्ही शाळेत मुलांचंसुद्धा ऐकून घेत नाही. शिवाय मुदत कुठून मोजायची हा प्रश्न 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, तोही महाराष्ट्रातल्याच भंडारा-गोंदिया मतदारसंघावरून. उत्तर स्वच्छ मिळालं होतं: जागा रिकामी झाली त्या दिवसापासून मोजायची, निकाल लागेल त्या दिवसापासून नाही. भंडारा-गोंदिया आणि पालघर या दोन्ही ठिकाणी 28 मे 2018 ला मतदान झालं आणि निवडून आलेल्यांनी वर्षभर काम केलं.

त्याच वर्षी कर्नाटकात काय झालं तेही आपल्या दप्तरात असेल. बळ्ळारी, शिवमोगा आणि मंड्या या लोकसभेच्या जागा मे 2018 मध्ये रिकाम्या झाल्या. सोळाव्या लोकसभेची मुदत 3 जून 2019 पर्यंत होती, म्हणजे एक वर्षाला जेमतेम दोन-तीन आठवडे वर. तरी आयोगाने 3 नोव्हेंबर 2018 ला मतदान घेतलं. निवडून आलेल्यांना मिळाले सहा-सात महिने, आणि पुढची सार्वत्रिक निवडणूक तर एप्रिलमध्येच सुरू झाली. तेव्हा आयोगाला अवघड वाटलं नाही. वर्षापेक्षा थोडी जास्त मुदत होती म्हणून कायद्याप्रमाणे घेतलं, आणि तेच बरोबर होतं. मग पाच वर्षांत कलमाचा एक शब्दही बदललेला नसताना पुण्यासाठी त्याचा अर्थ कसा बदलला, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

आता यंत्रणा. या शब्दावर मला बोलण्याचा थोडा हक्क आहे, कारण ती यंत्रणा म्हणजे आम्ही. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पालिकेचे कारकून, बँकेतले लोक, अंगणवाडी सेविका. दिल्लीहून कोणी येऊन पुण्यातल्या केंद्रावर बसत नाही. आम्हाला कोणीही विचारलं नाही की तुम्ही गुंतलेले आहात का. एप्रिल ते ऑगस्ट 2023 मध्ये पुण्यातले शिक्षक वार्षिक परीक्षा घेत होते, निकाल लावत होते, जूनमध्ये शाळा सुरू करत होते. याद्यांचं काम बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, करतच होते, ते बारमाही चालतं. कसब्यात आणि चिंचवडला याच माणसांनी ऐन फेब्रुवारीत, बारावीची परीक्षा चालू असताना, निवडणूक पार पाडली होती.

आणि आयोग इतरत्र निवडणुका घेतच होता. जालंधरचे खासदार 14 जानेवारी 2023 ला वारले, 10 मे ला तिथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. केरळात पुथुपल्लीचे आमदार ओमन चंडी 18 जुलैला गेले, तिथे 5 सप्टेंबरला मतदान झालं. पुण्याची जागा पुथुपल्लीच्या जवळपास चार महिने आधी रिकामी झाली होती. पुथुपल्लीला मतदान होण्याच्या तेरा दिवस आधी आयोगाने पुण्याला ‘अवघड’ म्हणून कळवलं. पुथुपल्लीच्या लोकांना त्यांचा आमदार वेळेवर मिळाला याचा मला आनंदच आहे. तेवढीच तत्परता आम्हालाही हवी होती.

अवघड कशाला म्हणतात ते आम्ही अनुभवलेलं आहे. पूर येऊन केंद्र पाण्यात जाणं, दंगल, संचारबंदी, घरदार सोडून छावणीत राहणारे मतदार. तिथे निवडणूक पुढे ढकलावी लागते आणि लोकही ते समजून घेतात. पुण्यात त्या वर्षी यातलं काय होतं? गणपती झाले, पालख्या आल्या आणि गेल्या, लाखोंची गर्दी याच शहराने सांभाळली.

“खासदार नव्हता, तर काय बिघडलं?” असंही मला पुष्कळांनी विचारलं. विचारणाऱ्यांवर मी रागावत नाही. 2019 ला पुण्यात निम्म्या मतदारांनीसुद्धा मतदान केलं नव्हतं, तेव्हा हा प्रश्न येणारच. पण खडकी किंवा कॅम्पात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारून बघा. तिथली पालिका म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. देशभरातल्या 57 बोर्डांची निवडणूक 30 एप्रिल 2023 ला ठरली होती, ती मार्चमध्येच रद्द झाली. म्हणजे बोर्डावर निवडून दिलेलं कोणी नाही. बोर्डाच्या बैठकीला कायद्याने खासदार निमंत्रित असतो, त्याला मत नसलं तरी तोंड असतं. तोही नाही. पाण्याची लाइन, घराच्या दुरुस्तीची परवानगी, बंद केलेला रस्ता, हे सगळे प्रश्न अखेर दिल्लीला जातात, आणि दिल्लीला जाऊन बोलणारा एकमेव माणूसच नव्हता. उरलेल्या पुण्याची गत फार वेगळी नव्हती. महापालिकेची मुदत 14 मार्च 2022 ला संपली, त्यानंतर या सगळ्या काळात प्रशासक होता. त्या 433 दिवसांपैकी एकही दिवस असा नव्हता की पुणेकराला नगरसेवक आणि खासदार यांच्यापैकी एक तरी होता.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखतचा. माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवतो. जुलै 2023 मध्ये त्याच्या आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी अर्ज करायचा होता. रुग्णालयातल्या समाजसेविकेने सांगितलं, अर्जाला खासदारांचं पत्र जोडा, काम लवकर होतं. तो माझ्याकडे आला, “बाई, आपले खासदार कोण?” मी त्याला पाचवीत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. लोकसभा, राज्यसभा, मतदारसंघ, सगळं त्याने वहीत लिहून घेतलं होतं. त्याला मला सांगावं लागलं की आपल्याला सध्या खासदार नाही. मग शेजारच्या मतदारसंघाचे खासदार की राज्यसभेचे, कोणाकडे जायचं, कोणाच्या ओळखीने जायचं, यात बारा दिवस गेले. पत्र शेवटी राज्यसभेच्या एका सदस्याकडून मिळालं, त्यांनी आपलेपणाने दिलं. शस्त्रक्रिया झाली, त्याची आई बरी आहे. पण ते बारा दिवस तो रिक्षा बंद ठेवून दारोदार फिरत होता, आणि ज्या दारावर त्याचा हक्क होता तिथे कुलूप होतं.

लोहगाव विमानतळाचंही तसंच. हवाई दलाच्या तळावरचा विमानतळ, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला दोन-दोन मंत्रालयं. नव्या टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं, विमानं सुटायला 14 जुलै उजाडला. मधल्या काळात विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफच्या मनुष्यबळासारख्या अडचणी होत्या, त्या कोणी मुद्दाम केल्या असं मी म्हणत नाही. पण चार महिने कुलूपबंद राहिलेल्या त्या इमारतीबद्दल दोन्ही मंत्रालयांना विचारणारा पुण्याचा आवाज त्यातले बरेच दिवस अस्तित्वातच नव्हता.

आणि या काळात लोकसभेत काय काय झालं ते पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत काम करणारी लाखो मुलं ज्या शहरात राहतात त्या शहराचं त्यावर मत नाही. 20 सप्टेंबरला महिला आरक्षणाचं विधेयक 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. 1848 साली भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ते हे शहर, आणि त्या 454 मध्ये पुण्याचं मत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मत कोणत्या बाजूला पडलं असतं याने फरक पडत नव्हता, पण मोजदादीत आमचं गावच नव्हतं. डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहितेच्या जागी नवे फौजदारी कायदे आले. त्याच आठवड्यात, 21 डिसेंबरला, मुख्य निवडणूक आयुक्त आणि निवडणूक आयुक्तांची नेमणूक कशी करायची याचं विधेयक लोकसभेने मंजूर केलं. म्हणजे आपली नेमणूक कोणी करायची हे ठरवतानाही पुण्याच्या मतदाराला बोलता आलं नाही.

या जागेवर कोण कोण बसून गेलं! पहिल्या लोकसभेत काकासाहेब गाडगीळ. त्याच लोकसभेत, तेव्हाच्या पुणे दक्षिण मतदारसंघातून, इंदिरा मायदेव. पुढे नानासाहेब गोरे, 1967 ला एस. एम. जोशी. मोहन धारिया 1971 ला काँग्रेसकडून आणि 1977 ला जनता पक्षाकडून. विठ्ठलराव गाडगीळ, अण्णा जोशी, सुरेश कलमाडी, विठ्ठल तुपे, प्रदीप रावत, अनिल शिरोळे, बापट. पुणेकरांनी यातल्या कोणाला डोक्यावर घेतलं, कोणाला पाडलं, कोणाशी जन्मभर भांडण केलं. पण भांडायला समोर माणूस होता.

मुंबई उच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2023 ला आयोगाचं ते प्रमाणपत्र रद्द केलं. एका पुणेकर मतदाराने याचिका केली होती. न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने सांगितलं की लोकांना प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, ते घटनेच्या चौकटीत बसत नाही, आणि पोटनिवडणूक लगेच घ्या. आम्हाला वाटलं, झालं, आता होईल. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. 8 जानेवारी 2024 ला त्या आदेशाला स्थगिती मिळाली, कारण तोवर सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. कायद्याचा मुद्दा पुढे तपासू, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आपल्याशी आहे. मतदाराने मतदानासाठी कोर्टात जावं, जिंकावं, आणि ज्या संस्थेने मतदान घ्यायचं तिनेच त्याविरुद्ध अपील करावं, हे पाहून माझ्यासारखीला फार वाईट वाटलं. 13 मे 2024 ला मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा फक्त मतदार म्हणून रांगेत उभी राहिले, आणि बोटाला शाई लागली तेव्हा रडू आलं.

आता म्हणाल, झालं ते झालं, पुण्याला खासदार मिळून बरेच दिवस झाले, आज हे कशाला. कारण ते प्रमाणपत्र आज पुण्याचं होतं, उद्या दुसऱ्या कोणाचं असेल. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर 30 मे 2023 ला गेले, ती जागाही शेवटपर्यंत रिकामीच राहिली. प्रत्येक लोकसभेच्या चौथ्या वर्षाअखेर हा प्रश्न येणार. माणसं मुदत बघून मरत नाहीत. आणि आयोगाला वेळेत करता येतं हे आपणच पुन्हा दाखवून दिलं आहे. नांदेडचे खासदार वसंत चव्हाण ऑगस्ट 2024 मध्ये गेले, 20 नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच तिथे लोकसभेचंही मतदान झालं. तीन महिन्यांच्या आत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वत्रिक निवडणुकीची तयारी आणि मिळणारा थोडा कालावधी, ही दोन कारणं ‘अवघड’ या शब्दात बसत नाहीत, असं आयोगाने स्वतःहून जाहीर करावं, न्यायालयाने सांगण्याची वाट न पाहता. कुठलीही जागा रिकामी झाली की सहा महिने कोणत्या तारखेला संपतात ती तारीख त्याच आठवड्यात त्या जिल्ह्यात प्रसिद्ध करावी, म्हणजे मतदाराला ती कॅलेंडरवर खूण करून ठेवता येईल. आणि खरोखरच कधी प्रमाणपत्र काढायची वेळ आली, तर ते पहिल्या दोन महिन्यांत काढावं, मराठीत किंवा तिथल्या लोकांच्या भाषेत त्याच दिवशी जाहीर करावं, आणि त्यात त्या मतदारसंघातली अडचण लिहावी: कोणतं केंद्र उघडता येत नाही, कोणता रस्ता बंद आहे, कोणते कर्मचारी उपलब्ध नाहीत. कर्मचारी नाहीत असं लिहायचं झालं तर आधी आम्हाला विचारावं. माझ्या ओळखीतले कितीतरी निवृत्त शिक्षक आहेत. मानधन न घेता, आदल्या रात्री बालवाडीच्या वर्गात सतरंजीवर झोपून, पहाटे साडेपाचला यंत्र लावायला ते तयार आहेत. त्यांत पहिलं नाव माझं लिहा.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नये. जाहीर पत्रक काढून पुण्याच्या आणि चंद्रपूरच्या मतदारांना द्यावं.

आपली,
पुणे लोकसभा मतदारसंघातली एक मतदार,
माजी केंद्राध्यक्ष